कावळ्याला दिलेला शब्द

शुक्रवारी सकाळी माझा भाऊ कोबेच्या ऑफिसात गेला. दुपारी तो खुर्चीवरून पडला. संध्याकाळी डॉक्टरांनी तो गेल्याचं सांगितलं. त्या शुक्रवारसाठी त्यानं रजा मागितली होती. आम्ही बेप्पूला जाणार होतो. रजा मिळाली नव्हती.

मेंदूतली रक्तवाहिनी फुटली होती. डॉक्टर म्हणाले, हे कुठंही झालं असतं. घरी, रस्त्यात, गाडीत. मला ते मान्य आहे. बेप्पूला गेलो असतो तर तो वाचला असता असं मी कधी म्हटलेलं नाही. पण तिथं त्याच्या शेजारी मी असते. ऑफिसात त्याच्या शेजारी प्रिंटर होता.

मी क्योतोच्या विद्यापीठात जुन्या हस्तलिखितांवर काम करते; प्रबंधही त्यावरच. एकाच ग्रंथाच्या चार-पाच प्रती समोर ठेवायच्या आणि प्रत उतरवणाऱ्या कुठल्या लेखकूनं कुठं काय बदललं ते शोधत बसायचं. हे काम घाई करणाऱ्याचं नाही आणि मला घाई कधीच जमली नाही. भाऊ माझ्याहून बराच लहान. त्याला पुण्याच्या कंपनीनं कराराच्या कामावर कोबेला पाठवलं, तेव्हा मी आधीच इथं होते. आई पुण्याला शेजारणींना सांगायची, 'दोघं तिकडं एकत्रच आहेत.' जपान म्हणजे एखादी सोसायटी आणि आम्ही समोरासमोरच्या ब्लॉकमध्ये राहतो अशा सुरात.

बेप्पू त्यानंच शोधून काढलं होतं. दक्षिणेकडच्या बेटावरचं गाव. तिथं जमिनीखाली सगळं उकळतंय आणि जागोजागी वाफ, गरम पाणी, चिखल वर येतो. आंघोळ करण्याजोगं पाणी गावात घरोघरी आहे, पण जिथं माणूस उतरला तर शिजूनच निघेल अशा जागांना कुंपण घालून तिकीट लावलंय. त्या जागांना जपानी लोक नरक म्हणतात. असे सात नरक.

"ताई, सातही नरकांचं मिळून एकच तिकीट आहे," तो फोनवर म्हणाला होता. "आणि प्रत्येक नरकात एक शिक्का मारून घ्यायचा. सात शिक्के झाले की झालं."

"झालं म्हणजे काय झालं?"

"सुटलो आपण."

लहानपणी आमच्या घराजवळच्या पिठाच्या गिरणीत भिंतीवर एक तक्ता लावलेला होता. खोटं बोलणाऱ्याची जीभ ओढतायत, लबाड व्यापाऱ्याला कढईत तळतायत, असा. त्यावर पीठ बसून बसून यमदूत पांढरे झाले होते. दळण आणायला आम्ही दोघं जायचो. मी त्याला एकेक पाप आणि त्याची शिक्षा वाचून दाखवायची आणि तो माझा फ्रॉक धरून उभा राहायचा. मोठेपणी त्याला बेप्पू बघायचं होतं ते त्या तक्त्यासाठी. "तू तिथंही वाचून दाखव," म्हणाला होता.

रजा नाकारली ती त्याच्या मॅनेजरनं. हे गृहस्थही पुण्याचेच, पण जपानात मुरलेले. ऑफिसात त्यांच्या आडनावाला जपानी रिवाजानं आदराचं 'सान' लागायचं. कोबेतली मराठी मंडळी मात्र त्यांना दादा म्हणायची. गणपती त्यांच्याकडे. नवीन आलेल्याला भाड्याचं घर मिळवून देणार ते, कुठल्या वारी कुठला कचरा बाहेर ठेवायचा ते शिकवणार ते. माझ्या भावाचं पहिलं पांघरूणही त्यांच्याच घरून आलं होतं. ते वाईट आहेत असं कुणी म्हणणार नाही. मीही तसं म्हणत नाही. मी फक्त एक वाक्य जवळ ठेवलं.

ते वाक्य भावानं मला गुरुवारी संध्याकाळी फोनवर सांगितलं. रजेसाठी तो त्यांच्या टेबलाशी गेला. त्या आठवड्यात रिलीज होता, म्हणजे नवीन सॉफ्टवेअर गिऱ्हाइकाकडे चालू करायचं होतं. त्यांनी स्क्रीनवरून नजर न काढता विचारलं, कुठं जायचंय? हा म्हणाला, बेप्पूला, ताईबरोबर, नरक बघायला. त्यावर ते म्हणाले, "अरे, नरकात जायला रजा कशाला लागते? रिलीजच्या आठवड्यात इथंच बस. फुकट दाखवतो."

आजूबाजूचे हसले. सांगताना भाऊही हसत होता. "दादांचं ना ताई, काही सांगता येत नाही," म्हणाला. "पुढच्या महिन्यात जाऊ. नरक कुठं पळून जातोय."

आईचा व्हिसा वेळेत झाला नाही. दहावा कोबेलाच केला, त्याच्या घरामागून वाहणाऱ्या नदीच्या काठावर. गुरुजी पुण्याहून व्हिडिओवर होते. फोन दादांच्या हातात. विधी मी केला. जपानी तांदळाचा भात चिकट असतो, त्यामुळे पिंड फार चांगले वळले गेले. मला त्या वेळी त्याचाही राग आला.

जपानात कावळ्यांना तोटा नाही. धिप्पाड, जाड चोचीचे. कचऱ्याच्या दिवशी पिशव्यांवर जाळी टाकावी लागते इतके ते धीट. पण त्या सकाळी दोन कावळे विजेच्या खांबावर बसले आणि खाली बघत राहिले. आम्ही मागं सरकलो. आणखी मागं सरकलो. एक म्हातारी बाई कुत्र्याला घेऊन आली आणि हात हलवून म्हणाली की इथं कावळ्यांना खायला घालायला मनाई आहे. दादांनी फोन माझ्या हातात दिला, कमरेत वाकून तिला काहीतरी समजावलं. ती आमच्याकडे, माझ्या ओल्या साडीकडे बघत राहिली. मग तीही वाकली आणि कुत्र्याला धरून बाजूला उभी राहिली. आता कावळ्याची वाट बघणाऱ्यांत तीही होती.

"काही इच्छा राहिली असेल त्यांची," फोनमधून गुरुजी म्हणाले. "विचारा. शब्द द्या."

ऑफिसातल्या मित्रांनी एकेक करून शब्द दिले. आईकडे बघू. ताईंना काही कमी पडू देणार नाही. त्याच्या खोलीचं सगळं निस्तरू. कावळे हलले नाहीत. दादांच्या कपाळावर घाम आला होता. त्यांच्या वडिलांच्या पिंडाला कावळा शिवला नव्हता, हे मला नंतर कळलं. तासन्‌तास वाट बघून शेवटी दर्भाचा कावळा करून लावावा लागला होता आणि ते त्यांच्या मनातून कधी गेलं नव्हतं. ते पुढं झाले, हात जोडले आणि खांबाकडे बघत म्हणाले, "तुझं बेप्पूचं राहिलं ना? मी नेतो ताईंना. स्वतः नेतो. सगळे नरक दाखवतो. एकही ठेवत नाही."

एक कावळा खाली उतरला आणि पिंड घेऊन गेला.

सगळ्यांनी सुस्कारा सोडला. त्या म्हातारीनंसुद्धा. दादांनी डोळे पुसले. माझा कावळ्यावर विश्वास नाही. पण त्यांचा आहे, हे मी त्या क्षणी नीट पाहून घेतलं.

वर्षश्राद्धही झालं. बेप्पूचं नाव निघालं नाही. त्या वर्षात दिवाळीला त्यांच्या बायकोनं, वहिनींनी, कुरियरनं चकल्या पाठवल्या, संक्रांतीला तिळगूळ पाठवला. मी आभाराचे निरोप पाठवत राहिले. मला चकल्या नको होत्या. मला सूड हवा होता. हा शब्द लिहायला मी पुष्कळ वेळ घेतला आहे; त्याजागी न्याय, समाधान असे दुसरे शब्द घालून पाहिले. कामाच्या सवयीनं मला कळतं की ते शब्द नंतर कुणीतरी घातलेले असतात. मूळ पाठ सूड हाच आहे.

शरद ऋतू लागला तेव्हा मी त्यांना फोन केला.

"दादा, बेप्पूचं कधी?"

"अहो ताई, माझ्या मनात आहेच. जाऊ ना. हा एक रिलीज होऊ दे."

"रिलीज कधी आहे?"

"पुढच्या सोमवारपासून आठवडाभर. त्यानंतर मी मोकळा."

"मग सोमवारीच जाऊ."

ते हसले. मी हसले नाही, तेव्हा थांबले. "ताई, त्या दिवशी मी हललो तर इथं आग लागेल."

"तुम्ही कावळ्याला वार सांगितला नव्हता," मी म्हटलं. "तो मी सांगतेय."

 मग ते म्हणाले, "बरं."

सोमवारी सकाळी मी क्योतोहून शिंकान्सेन या वेगवान गाडीनं निघाले. कोबेला ते चढले, बरोबर वहिनी आणि त्यांची आठ-नऊ वर्षांची मुलगी. मुलीच्या शाळेत रविवारी खेळांचा दिवस झाला होता, म्हणून सोमवारी सुट्टी होती. मी खिडकीशी होते. दादा माझ्या पलीकडे बसले, लॅपटॉप उघडला आणि कोकुराला गाडी बदलेपर्यंत मिटला नाही. फोन वाजला की ते उठून दोन डब्यांच्या मधल्या जागेत जायचे आणि काचेतून त्यांचं वाकणं दिसायचं. फोनवर बोलतानाही ते वाकत होते.

वहिनींनी डबा उघडला. "दशम्या घ्या हो ताई. चटणी जरा जपून. मागच्या वेळी वास आला म्हणून समोरचा माणूस उठून दुसऱ्या डब्यात गेला." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "रात्रभर झोपले नाहीत हे. एवढं कसलं काम असतं कोण जाणे."

"ऑफिसात काय सांगितलंय त्यांनी?" मी विचारलं.

"घरचं काम आहे म्हणाले."

मुलगी माझ्याकडे बघत होती. मी तिला मराठीत विचारलं, नरक माहीत आहे का? तिनं जपानीत उत्तर दिलं की शाळेत पुस्तक आहे, त्यात खोटं बोलणाऱ्याची जीभ ओढतात. मी तिला म्हटलं, बरोबर आहे, आमच्याकडेही तसंच करतात.

बेप्पूला उतरलो तेव्हा सबंध गाव धुमसत होतं. गटारांच्या जाळ्यांतून, घरांच्या मागून, डोंगराच्या उतारावरून वाफेचे खांब वर जात होते आणि लोक त्याखालून भाजीच्या पिशव्या घेऊन चालले होते. हवेला उकडलेल्या अंड्याचा वास. बसनं वरच्या भागात गेलो. तिकीटघरातून मुलीला शिक्क्यांचा कागद मिळाला, त्यावर सात चौकोन. तिनं तो दोन्ही हातांनी धरला.

पहिला नरक समुद्राचा. पाणी निळं, इतकं निळं की खोटं वाटावं, आणि त्यावरून वाफ लोटत येत होती. कडेला बांबूला टोपली बांधून अंडी उकडायला सोडली होती. त्या कठड्याशी मी उभी राहिले. भाऊ असता तर आधी अंडं खाल्लं असतं, मग नरक बघितला असता. दादा माझ्याजवळ आले. काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाले, "काय रंग आहे ना ताई." मी म्हटलं, "हो. त्यानं मला याचा फोटो पाठवला होता. तुमच्याकडे रजा मागायला जाण्याच्या आदल्या दिवशी."

त्यांनी मान हलवली. त्यांचा फोन वाजला. मला वाटतं, तो वाजला म्हणून त्यांना बरं वाटलं.

बाहेरच्या दुकानात त्यांनी ऑफिससाठी खाऊ घेतला. जपानात कामावरून रजा घेऊन कुठं गेलं की परत येताना सगळ्यांसाठी तिथल्या खाऊचा खोका आणायचा असतो. तुमच्या मागं आम्ही तुमचं काम केलं, त्याची ही परतफेड. भावानं त्या वेळी रजा मिळायच्या आधीच ऑफिसात कबूल केलं होतं की तो नरकातला खाऊ आणेल. दादांनी सवयीनं एक खोका उचलला. त्यावर लाल राक्षसाचं चित्र आणि बेप्पूच्या नरकाचं नाव होतं. ते बघून त्यांनी तो परत ठेवला. मग शोधून शोधून साधी बिस्किटं घेतली, ज्यांवर गावाचं नाव कुठंही नव्हतं. मी दोन पावलांवर उभी होते.  मी त्या दिवशी सगळंच लक्षात ठेवत होते.

दुसऱ्या नरकात करडा चिखल रटरटत होता. मोठे बुडबुडे येत आणि हळू फुटत. त्याला बोडक्या भिक्षूंची डोकी म्हणतात. वहिनी वाकून बघत म्हणाल्या, "पिठलं आहे हो हे. बेसन जास्त पडलंय." मुलगी मोठ्यानं हसली. मलाही हसू आलं असतं, पण ते ऐकायला जो हवा होता तो नव्हता, आणि ज्यांच्यामुळे तो इथं आला नव्हता ते गृहस्थ माझ्या शेजारी खिशात हात घालून उभे होते.

तिसऱ्यात राक्षसाचा पुतळा आणि वाफेची भोकं. तिथला माणूस पेटवलेली उदबत्ती भोकाजवळ धरून फुंकर घालायचा आणि वाफ एकदम भरून यायची. पुढं प्यायच्या गरम पाण्याची जागा. तिथं लिहिलेलं की एक पेला प्यायलं की माणूस दहा वर्षांनी तरुण होतो. दादांनी पेला भरून माझ्यापुढं केला. सकाळपासून ते पहिल्यांदाच थोडे मोकळे झाले होते.

"घ्या ताई. दहा वर्षं मागं."

"मला दहा नकोत," मी म्हटलं. "दीड पुरे."

त्यांनी पेला कठड्यावर ठेवला. नंतर त्यातलं पाणी कुणीच प्यायलं नाही. वहिनींनी ते खाली ओतलं, पेला विसळला आणि जागेवर ठेवला.

मगरींचा नरक झाला. गरम झऱ्याच्या उष्णतेवर तिथं मगरी वाढवतात. पांढऱ्या पाण्याचा नरक झाला. पाच शिक्के झाले. राहिलेले दोन लांब, शेजारी शेजारी. तिथं पुन्हा बसनं जावं लागतं. एक गरम पाण्याच्या कारंज्याचा आणि एक रक्ताच्या तळ्याचा. बसमध्ये दादांनी घड्याळ बघितलं. सगळे नरक संध्याकाळी पाचला बंद होतात.

"आधी तळं करून घेऊ," ते म्हणाले. "ते लगेच होतं. कारंज्याला थांबावं लागतं."

"आधी कारंजं," मी म्हटलं.

कारंज्यापुढं दगडी पायऱ्या आहेत, छोट्या प्रेक्षागृहासारख्या. लोक बसून वाट बघतात. ते पाणी अर्ध्या-पाऊण तासानं एकदा उसळतं, काही मिनिटं उसळत राहतं आणि बसतं. वरती दगडांचं छत बांधलंय. पाणी फार वर जाऊन लोकांच्या अंगावर उडू नये म्हणून. ते छत मला आवडलं नाही. मी पुन्हा पुन्हा त्याकडेच बघत होते.

आम्ही बसलो आणि थोड्या वेळानं पाणी आलं. आधी दगडांच्या फटीत खदखद, मग एकदम उभा फवारा, छताला आपटून परत येणारा. लोकांनी फोन वर केले. मुलीनं शिक्का आधीच मारून घेतला होता. पाणी बसलं, तसे लोक उठले. दादाही उठले.

"चला. एक राहिला."

"बसा," मी म्हटलं. "मला परत बघायचंय."

"ताई, परत म्हणजे अर्धा-पाऊण तास. तळं बंद होईल."

"बसा दादा."

ते बसले. पायऱ्या रिकाम्या झाल्या. वहिनी आणि मुलगी आमच्या खालच्या पायरीवर होत्या. मी विचारलं, "त्यानं तुमच्याकडे रजा मागितली, तेव्हा तुम्ही काय म्हणालात?"

ते जमिनीकडे बघत होते. "रिलीज होता ताई. नाही म्हणालो असेन."

"नाही एवढंच?"

"एवढंच असणार."

"नीट आठवा. मला घाई नाही."

त्यांनी खरंच आठवून बघितलं. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. ते ढोंग करत नव्हते. "नाही आठवत," ते म्हणाले.

दीड वर्ष मी ते वाक्य रोज काढून बघितलं होतं. कुठल्या शब्दावर जोर असेल, कुठं थांबले असतील, कोण कोण हसलं असेल. ज्यांच्या तोंडातून ते निघालं त्यांच्याकडे ते उरलंच नव्हतं. मी ते त्यांना म्हणून दाखवलं. जसंच्या तसं. नरकात जायला रजा कशाला लागते, रिलीजच्या आठवड्यात इथंच बस, फुकट दाखवतो.

वहिनींची पाठ आमच्याकडे होती. ती ताठ झाली. मागं न वळता त्या म्हणाल्या, "हे तर तुम्ही सगळ्यांनाच म्हणता. काश्मीर म्हटलं की स्वर्गात जायला रजा कशाला, माझ्या माहेरी जायचं म्हटलं की तिकडं जायला रजा कशाला."

"गंमत असते ती," दादा हळू म्हणाले. "पोरांना बरं वाटावं म्हणून. नुसतं नाही म्हणण्यापेक्षा."

"मग आता म्हणा," मी म्हटलं. "मला म्हणून दाखवा."

"ताई…"

"मला ते तुमच्या तोंडून ऐकायचंय. त्यासाठीच मी आलेय. नरक मी चित्रात पुष्कळ बघितलेत."

त्यांचा फोन वाजायला लागला. त्यांनी तो खिशातून काढला, बघितला, आणि बंद केला. दिवसभरात पहिल्यांदा. मग ते बोलले. सगळं वाक्य. आवाज बारीक होता आणि शेवटचा शब्द नीट आला नाही, तेव्हा तो त्यांनी पुन्हा म्हटला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "चुकलं माझं," ते म्हणाले. "खरंच चुकलं हो."

मला वाटलं होतं की हे ऐकलं की आत काहीतरी बसेल, ते कारंजं बसतं तसं. तसं झालं नाही. ते रडत होते आणि मी बघत होते, आणि मला एवढंच दिसत होतं की त्यांना आता बरं वाटू लागलंय. खांदे सैल झाले होते. त्यांनी रुमाल काढून नाक पुसलं आणि घड्याळ बघितलं. अजून वेळ होता. तळ्याच्या फाटकापर्यंत चालत दोन मिनिटं.

"चला ना ताई," ते म्हणाले. "एवढा एक करून टाकू. त्याचं सगळं पुरं होईल."

त्याचं पुरं होईल म्हणजे हे शब्दातून सुटतील. मी दगडाच्या छताकडे बघितलं. म्हटलं, "पाणी यायचंय अजून."

"शब्द दिलाय मी. एकही ठेवत नाही म्हणालो होतो."

"मला आठवतंय."

मुलीनं मागं वळून कागद दाखवला. "आतो इक्को," म्हणाली. आणि मला कळलं नसेल असं वाटून मराठीत म्हणाली, "आत्या, अजून एक फक्त." तिनं मला आत्या म्हटलेलं ते पहिल्यांदाच. मला ते लागलं. तरी मी उठले नाही. आणि मला सोडून त्यांना जाता येत नव्हतं, कारण शब्द मला नेण्याचा होता. वहिनींनी एकदा माझ्याकडे बघितलं. त्यांना काय समजलं ते मला माहीत नाही, पण त्यांनी मुलीचा हात धरून तिला जवळ बसवून घेतलं आणि नवऱ्याला म्हणाल्या, "बसा तुम्ही. ताईंचं होऊ दे."

आम्ही चौघं त्या रिकाम्या पायऱ्यांवर बसून राहिलो. ऊन डोंगरामागं गेलं. पाणी आलं, छतावर आपटलं, काही मिनिटं आपटत राहिलं आणि बसलं. मी ते शेवटपर्यंत बघितलं. मग बंद व्हायची वेळ झाल्याची धून वाजू लागली.

दादा मुलीला घेऊन धावले. मी आणि वहिनी मागून चालत गेलो. तळ्याच्या फाटकाला साखळी लावून झाली होती. आतला माणूस छातीवर हातांची फुली करून वाकत होता, दादा त्याच्याहून खाली वाकत होते, काहीतरी सांगत होते. बहुधा कावळ्याचंही सांगितलं असेल. तो माणूस पुन्हा वाकला. कुंपणापलीकडे झाडांवरून वाफ येताना दिसत होती. तळं दिसत नव्हतं. मुलगी रडत होती.

दादा माझ्याकडे आले. धाप लागली होती. "ताई, पुन्हा येऊ. तुम्ही म्हणाल त्या दिवशी. मी लगेच रजा टाकतो."

"जाऊ ना दादा," मी म्हटलं. "माझा हा प्रबंध एकदा होऊ दे."

ते माझ्याकडे बघत राहिले. हे कुणाचं वाक्य आहे ते या वेळी त्यांना आठवलं.

 परतीच्या गाडीत वहिनींनी उरलेल्या दशम्या माझ्या पिशवीत घातल्या. कोबेला उतरताना दादा खाली वाकून म्हणाले, "सावकाश जा." मी म्हटलं, "हो."

त्यानंतर ते अधूनमधून फोन करतात. तब्येत विचारतात, आईची चौकशी करतात, आणि शेवटी म्हणतात, "ते एक राहिलंय ताई." मी म्हणते, "बघू." वहिनींनी एकदा सांगितलं की शिक्क्यांचा कागद मुलीनं फ्रिजवर लावला आहे, आणि पाणी प्यायला गेले की हे तिथंच उभे राहतात. एकदा म्हणाल्या, "तुम्ही मोठ्या मनानं घ्या हो ताई, यांना वडिलांची स्वप्नं पडतात." मी ऐकून घेतलं. मला माझ्या भावाची स्वप्नं पडत नाहीत. पडली असती तर कदाचित माझं मन मोठं झालं असतं.

आईला मी बेप्पूचे फोटो पाठवले. तिनं सगळे शेजारणींना दाखवले. रक्ताच्या तळ्याचा नाही, हे तिच्या लक्षात आलेलं नाही.

प्रबंध मी गेल्या महिन्यात विद्यापीठात दिला. दादांना ते सांगितलेलं नाही. भावाची खोली दुसऱ्या कुणाला दिली आहे. त्याचं पांघरूण माझ्याकडे आहे. फ्रिजवरच्या कागदावर सहा शिक्के आहेत. एक नरक राहिला आहे.